आवंढा

मास्तरांच्या जिभेला धार जास्त की वस्तऱ्याला, यावर गल्लीत दोन मतं होती. वस्तऱ्याने मात्र त्यांनी चाळीस वर्षांत कुणाचं रक्त काढलं नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मास्तर आधी त्याची बिनपाण्याने करत आणि मग पाण्याने. लोक तरी येत. अपमान सोसावा पण गाल मास्तरांच्याच हाती द्यावा, असा तो हात होता.

दुकानात खुर्च्या दोन होत्या. एका खुर्चीमागे मास्तर उभे राहत. दुसरी खिडकीजवळची, लोखंडी पायांची, पाठ मागे कलणारी. ती रिकामीच असायची आणि तिच्यावर कालची वर्तमानपत्रं पडलेली असायची. वीस वर्षांपूर्वी त्या खुर्चीच्या आशेवर मास्तरांचा एक शिष्य तिथे उभा राहायचा. एके दिवशी तो आपला वस्तरा घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि बरोबर समोर स्वतःचं दुकान थाटून बसला. तेव्हापासून मास्तर त्याचं नाव घेत नसत. त्याला ते ‘समोरचा’ म्हणत, म्हणून गल्लीही म्हणायची, आणि शेवटी त्याची बायकोसुद्धा म्हणायला लागली असं ऐकिवात होतं.

मास्तरांची मोठी मुलगी अडतिसाव्या वर्षी परत बापाच्या दाराशी आली. घरात तिला थोरली म्हणत. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता आणि नोकरीसकट तिथलाच झाला होता. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, तर कारखान्यालाही कुलूप लागलं. मास्तरांनी कोपऱ्यातला झाडू तेवढा पायाने तिच्याकडे सरकवला. थोरली केस झाडायला लागली, टॉवेल घरी आईकडे धुवायला न्यायला लागली, साबणाची वाटी घासायला लागली. आठ महिने ती दुसऱ्यांच्या डोक्यावरून खाली पडलेलं गोळा करत राहिली आणि त्या आठ महिन्यांत तिचं लक्ष सारखं खिडकीजवळच्या खुर्चीकडे जात राहिलं. तिला ती खुर्ची हवी होती. पोटात भूक पेटावी तशी हवी होती. कुणीतरी आत यावं, आपल्याकडे बघावं आणि आपण म्हणावं, “बसा.” एवढंच.

तिने हे बोलून दाखवलं ते नेमकं चारचौघांत. सोमवारी दुकान गिऱ्हाइकांना बंद असायचं, पण निवृत्त पोस्टमन आणि शेजारचे घड्याळजी यांना उघडं. ते दोघे बाकावर बसून जगाचा कारभार सुधारत होते. मास्तर हसले. म्हणाले, हा सुई धरणारा हात. सुई टोचायची असते, वस्तरा टेकवायचा असतो. दोघेही हसले. मग मास्तर थांबले, खिडकीकडे बघून काहीतरी मनाशी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले,

“बरं. जो माझी पुरी दाढी एक थेंब रक्त न काढता करील, त्याची ती खुर्ची. मग ती माझी पोरगी असो नाहीतर आणखी कुणी. शब्द म्हणजे शब्द.”

पोस्टमन म्हणाले, आम्ही साक्षीला आहोत. थोरलीला वाटलं, आपल्याला सगळं मिळालं.

पहिले दोन महिने तिच्या वाट्याला नुसता चामड्याचा पट्टा आला. वस्तरा परजायचा तो पाठ पुढे ठेवून. धार मागून आली पाहिजे. टोकाला पोचलं की त्याला पाठीवर उलटवायचं, धारेवर नाही. पहिल्याच आठवड्यात तिने तो धारेवर उलटवला आणि चांगला वीतभर पट्टा चिरला गेला. मास्तरांनी तो फेकला नाही. आरशाशेजारच्या खिळ्याला टांगला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत राहिले, “ही आमच्या थोरलीची सही.” गिऱ्हाइकं ती चीर खरोखरची सही असावी तशी कौतुकाने वाचत.

मग फुगे आले. फुगवलेल्या फुग्याला साबण फासायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्याने उतरवायचा. पहिल्या दिवशी तिने अकरा फोडले. प्रत्येक फुगा फुटला की मास्तर पाठ न वळवता म्हणत, “गेला. आणखी एक गिऱ्हाईक देवाघरी गेलं.” बाराव्या फुग्याला तिच्या डोळ्यांत साबण आणि पाणी दोन्ही होतं, पण तो फुटला नाही. मास्तरांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि जळत्या सिगारेटचं टोक टेकवून फोडला. म्हणाले, फुग्याला मान कुठे असते.

हाताचं कसब मात्र ते खरं देत होते, हे कबूल केलं पाहिजे. वस्तरा आवळून धरू नकोस. तो पडेल अशी भीती वाटेल इतका सैल धर. धार गालावर पुरती झोपवायची नाही आणि उभीही करायची नाही. वस्तऱ्याची पाठ आणि गाल यांच्यात करंगळी शिरेल एवढीच फट. डाव्या हाताने कातडी ताणायची, कारण दाढी वस्तरा करत नाही, ताण करतो. आधी केसाच्या वळणाने, मग आडवं, आणि उलट्या वळणाने शेवटी, तेही गिऱ्हाइकाने मागितलं तरच. असं शिकवताना त्यांचा आवाज निराळाच व्हायचा, मऊ. त्या आवाजासाठी थोरली बाकीचं सगळं सोसायची. तिने आपल्या दोन्ही हातांवरची लव मनगटापासून कोपरापर्यंत उतरवली, पुन्हा उगवायची वाट पाहिली, पुन्हा उतरवली.

आणि मग सोमवार सुरू झाले. मास्तर आपल्या खुर्चीत मागे रेलायचे, गळ्याभोवती मुद्दाम पांढराशुभ्र टॉवेल घ्यायचे आणि डोळे मिटायचे. बाकावर साक्षीदार. डावा गाल व्हायचा, उजवा व्हायचा, ओठांवरचं अवघड काम व्हायचं, हनुवटीची वाटी व्हायची. सगळं लोण्यासारखं. मग वस्तरा गळ्यावर उतरायचा, कंठमण्याच्या जरा खाली पोचायचा, आणि तिथे लाल ठिपका उमटायचा. दर वेळी तिथेच.

मास्तर ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बोट लावून बघत, बोट साक्षीदारांना दाखवत आणि हळूच म्हणत, “लागलं.” मग स्वतःच तुरटी फिरवून घेत. तिच्या हातातून वस्तरा काढून घेत आणि उरलेली दाढी आरशात न बघता एका दमात उतरवत.

असे वीसच्या वर सोमवार गेले. आपल्या हातातच खोट आहे याची थोरलीला खात्री पटत चालली. गळ्यापाशी आलं की तिचं मनगट आधीच थरथरायला लागायचं. मास्तर म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं, इथे तर अंगण म्हणजे माझा गळा आहे. घड्याळजी एकदा बोलून गेले की पोरीचा हात वाईट नाही हो. त्यावर मास्तरांनी घड्याळजींचीच अशी काढली की पुढचे दोन सोमवार ते आलेच नाहीत.

गल्लीच्या टोकाला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात दाढ्या करणारा माणूस काम सोडून गेला होता. तिथल्या सिस्टरने थोरलीला विचारलं, आणि ती सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊ लागली. पहिला म्हातारा कंपवाताचा. डोकं सारखं हलायचं. रक्त निघालं नाही. दुसऱ्याच्या गालांत खड्डे, तिसऱ्याच्या मानेला कातडीच्या झालरी. रक्त नाही. एक जण दाढी चालू असताना खोकला, तिचा हात आपोआप वर उचलला गेला. महिनाभरात तिने त्या वॉर्डातले सगळे चेहरे चार-चारदा केले आणि तुरटीचा खडा होता तसाच कोरडा राहिला. सोमवार आला की मात्र मास्तरांच्या गळ्यावर थेंब हजर.

तिने सिस्टरला विचारलं, असं का होत असेल. सिस्टर तेव्हा एका आजोबांना चमच्याने पेज भरवत होती. त्यांना नीट गिळता येत नसे, म्हणून तिने एक बोट त्यांच्या हनुवटीखाली ठेवलं होतं.

“इथे बोट ठेव,” ती म्हणाली. “माणूस आवंढा गिळणार असला की आधी जीभ वर जाते आणि इथे कडक होतं. कंठ हलतो तो नंतर. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.”

थोरलीने बोट ठेवलं. आजोबांच्या हनुवटीखालचं मऊ मांस दगडासारखं झालं, आणि मग क्षणभराने कंठमणी उचलला जाऊन खाली आला. तिने दुसऱ्या घासाला पाहिलं, तिसऱ्यालाही. पुढचा आठवडाभर तिने प्रत्येक म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली बोट ठेवूनच दाढी केली.

त्या सोमवारी कातडी ताणताना तिने अनामिका मास्तरांच्या हनुवटीखाली टेकवून ठेवली. गाल झाले, ओठ झाले, हनुवटी झाली. एवढ्या वेळात बोटाखाली सगळं सैल होतं. माणूस झोपेत असावा तसं. वस्तरा गळ्यावर उतरला. कंठमण्याखाली पोचायला एक नखभर अंतर उरलं आणि बोटाखाली कडक झालं. तिला कळलं, पण हात थांबला नाही. थेंब आला.

“लागलं,” मास्तर म्हणाले.

ती टॉवेल घेऊन घरी गेली. आई मोरीत बसली होती. थोरलीने तो टॉवेल तिच्यापुढे धरला आणि विचारलं की अप्पा मुद्दाम गिळतात, हे तुला ठाऊक होतं का. आईने टॉवेल घेतला, डाग वर येईल असा पसरला आणि पाण्याखाली धरला. समोरच्याच्या वेळीही टॉवेल असेच यायचे, ती म्हणाली. दोन वर्षं यायचे.

“त्यांना शिकणारा लागतो, थोरले. शिकलेला खपत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? रक्त गार पाण्यात निघतं, एवढं मला कळतं. तेवढं मी करते.”

दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारी माणसं असतात हे थोरली ऐकून होती. त्यासाठी दर सोमवारी गळा पुढे करणारा माणूस आपल्याच घरात निघावा याचं तिला नवल वाटलं, आणि नवल ओसरल्यावर जो राग आला तो आठवडाभर उतरला नाही. रडू आलं नाही.

पुढच्या सोमवारी दोन्ही साक्षीदार हजर होते. तिने साबण नेहमीपेक्षा जास्त वेळ फेसला. गाल, ओठ, हनुवटी. मग गळा. कंठमण्याजवळ आली आणि अनामिकेखाली कडक झालं. तिने वस्तरा उचलला आणि हवेत धरून उभी राहिली. कंठमणी वर गेला, खाली आला. तिने पुन्हा वस्तरा टेकवला. पुन्हा कडक. तिने पुन्हा उचलला.

मास्तरांनी डोळे उघडले.

“गिळून घ्या, अप्पा,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”

मास्तरांनी डोळे मिटले. ती थांबली. माणसाला गिळू नकोस म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि गिळ म्हटलं की घसा कोरडा पडतो. मास्तरांचं दोन्ही एकदम व्हायला लागलं. ते धरून ठेवत होते, धरवत नव्हतं. कंठ वर जायचा, ती वस्तरा उचलायची, आणि उतरला की शांतपणे एक बोटभर दाढी काढायची. सगळं साक्षीदारांसमोर, सगळं आरशात. उजवी बाजू पुरी झाली. तांदळाएवढाही थेंब नव्हता. थोरलीला त्या वेळी आनंद झाला, आणि तो काही चांगल्या जातीचा आनंद नव्हता. बापाचा गळा असा आपल्या हाताखाली तडफडताना बघायला तिला आवडत होतं. तिने डाव्या बाजूला मुद्दाम जास्त वेळ घेतला.

“मास्तर,” घड्याळजी म्हणाले, “तुमचा लंबक बिघडलाय की काय?” आणि हसले. पोस्टमनही हसले.

त्या हसण्याने सगळं बिनसलं. मास्तर उठले. उजवी बाजू गुळगुळीत, डाव्या गळ्यावर फेस, खांद्यावर टॉवेल तसाच. दार ढकलून बाहेर गेले, रस्ता ओलांडला आणि समोरच्याच्या दुकानात शिरले.

थोरली वस्तरा हातात धरून काचेतून बघत राहिली. समोरचा कुणाची तरी मिशी कातरत होता. त्याने मास्तरांना पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. मग त्याने त्या गिऱ्हाइकाला अर्ध्या मिशीनिशी उठवलं, खांद्यावरच्या फडक्याने आपली खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. मास्तर बसले. समोरच्याने साबण फेसला तो नुसता डाव्या गळ्यापुरता नाही. सगळ्या चेहऱ्याला त्याने फासला. तिने केलेल्या गालांना, तिने केलेल्या हनुवटीला. आणि जिथे काढायला काही उरलंच नव्हतं तिथेही वस्तरा फिरवत राहिला, ताणून, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मास्तर पुतळ्यासारखे बसून होते. इतक्या लांबूनही दिसत होतं की कंठ हलत नाही.

ते परत आले तेव्हा टॉवेल पांढरा होता. तो त्यांनी बाकावर, दोघांच्या मधे ठेवला.

“बघून घ्या. थेंब आहे का?”

पोस्टमनने टॉवेल उलटून पाहिला. नाही, म्हणाले.

“अर्धी मी केली होती, अप्पा,” थोरली म्हणाली.

“अर्धी दाढी म्हणजे दाढी नव्हे. त्याने पुरी केली.” मग ते दोघांकडे वळले. “मी काय बोललो होतो?”

पोस्टमनने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द पोचवले होते, हेही पोचवले. जो पुरी दाढी करील त्याची खुर्ची, मग ती मुलगी असो नाहीतर आणखी कुणी. घड्याळजी मूग गिळून बसले.

समोरच्याला खरं तर खुर्चीची गरज नव्हती. त्याच्याकडे त्याहून नव्या तीन होत्या. पण वीस वर्षांपूर्वी तो जे न मिळवता गेला होता ते आता रस्त्यापलीकडून चालत आलं होतं. तो आपल्या दोन माणसांना घेऊन आला. खुर्ची जड होती, दारात अडकली. थोरलीला वाटलं, हा तरी आपल्याकडे एकदा बघेल. याचेही टॉवेल आईनेच धुतले होते. त्याने पाहिलं, पण ती उभी होती म्हणून नव्हे, वाटेत उभी होती म्हणून.

“थोरले,” मास्तर म्हणाले, “दार धर.”

तिने दार धरलं. खुर्ची बाहेर गेली. गल्लीतली माणसं बघायला थांबली होती, त्यांना मास्तरांनी शब्द कसा पाळायचा असतो ते समजावून सांगितलं. खिडकीखाली फरशीवर चार गंजके ठिपके उरले. थोरलीने ते घासले, पण गंज निघाला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ती दुकानात गेली ती फक्त आपला वस्तरा आणायला. दवाखान्यात वॉर्ड तिची वाट बघत होता. बाकावर कुणी नव्हतं. मास्तर एकटेच खुर्चीत रेलून बसले होते आणि गळ्याशी टॉवेल होता.

“ये,” ते म्हणाले. शिकवतानाचा तो मऊ आवाज.

तिने साबण फेसला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताला सोमवारची सवय होती. गाल झाले, ओठ झाले, हनुवटी झाली. ती गळ्यावर आली. अनामिकेखाली सगळं सैल होतं. कंठमण्याखालून वस्तरा गेला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मास्तर लहान मुलासारखे स्वस्थ पडून राहिले. आता राखायला काही उरलं नव्हतं. सगळी दाढी झाली. टॉवेल पांढरा.

मास्तरांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं, गालावरून पालथा हात फिरवला. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. ते ढोंग नव्हतं आणि तेच थोरलीला सोसेना.

“आला की गं हात तुला,” ते म्हणाले.

तिने वस्तरा अजून मिटला नव्हता. डाव्या हाताने तिने त्यांची हनुवटी वर केली, जबड्याखालची कातडी ताणली, आणि टोकाने तिथे एक छोटी रेघ ओढली. तांदळाच्या दाण्याएवढी, सरळ, कुठेही थरथर नसलेली. लाल ठिपका वर आला आणि टॉवेलवर उतरला.

“आधीचे सगळे तुमचे होते, अप्पा,” ती म्हणाली. “हा माझा.”

मग तिने वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि पिशवीत टाकला. वॉर्डात पोचायला तिला उशीर होत होता.